मुलीला डाऊन सिंड्रोम आहे, सरकारी योजनांचा खरंच उपयोग होतो का की नुसते खेटे?

तुम्ही लिहिलंय की मुलगी साडेचार वर्षांची आहे, डाऊन सिंड्रोम आहे, आणि घरचे म्हणतात त्या हजार-दोन हजारासाठी कचेऱ्यांचे उंबरे कशाला झिजवायचे. मी आई नाही, बहीण आहे. माझा धाकटा भाऊ, घरात त्याला बापू म्हणतात, आता ३१ वर्षांचा आहे, बौद्धिक अक्षमता, दिव्यांगत्वाच्या दाखल्यावर ७५ टक्के. आम्ही सांगली जिल्ह्यातले, गाव तालुक्यापासून १८ किलोमीटर. पैशाचं नंतर बोलते, आधी दुसरं सांगते कारण ते कोणी सांगत नाही.

बापू आठ वर्षांचा होईपर्यंत घरातच होता, म्हणजे २००२ पर्यंत. वडील झेडपीचे शिक्षक, दिवसभर शाळेत, आई शिवणकाम करायची, आणि बापूला एक मिनिट नजरेआड करता यायचं नाही, विहीर जवळ, रस्ता जवळ, एकदा चुलीत हात घातलेला. मग आईला कपडे पोचवायला जायचं असलं, कोणाच्या मयताला जायचं असलं, की माझी शाळा बुडायची. सातवीत तर आठवड्यातले दोन-तीन दिवस मी घरीच. आठवीला घरात असं बोलणं सुरू झालं की पोरीला शिकवून काय करायचं, भावाला बघू दे. कोणी वाईट नव्हतं हो, दुसरा मार्गच दिसत नव्हता. त्याच वर्षी तालुक्याला मतिमंद मुलांची अनुदानित शाळा आहे असं वडिलांना कळलं (तेव्हा मतिमंदच म्हणायचे), फी काही नाही, सकाळी नेऊन सोडायचं आणि संध्याकाळी आणायचं. बापूला शाळा मिळाली म्हणून माझी शाळा झाली. पुढं मी नर्सिंग केलं, आज नोकरी करते. लाभार्थ्यांच्या कुठल्याच यादीत माझं नाव सापडणार नाही, पण त्या शाळेचा सगळ्यात मोठा फायदा मला झालाय असं मी कोणालाही छातीठोक सांगेन.

पहिली दोन वर्षं आई एसटीनं त्याच्यासोबत जायची, त्याला तिकिटात ७५ टक्के सवलत आणि सोबतच्या माणसाला निम्मं तिकीट, ते नसतं तर रोजचं जाणं-येणं परवडलंच नसतं. दिवसभर शाळेच्या व्हरांड्यात हातशिलाई घेऊन बसायची, अजून पाच-सहा आया असायच्या, आणि तिला आज जे काय माहितीये ते सगळं त्या व्हरांड्यात कळलंय. त्याआधी नवस, अंगारे, कोणी सांगितलं त्या गावचा वैद्य, सगळं करून झालेलं. बापूच्या वर्गात आठ मुलं होती. बाईंनी त्याला बटण लावायला शिकवलं त्याला पाच महिने लागले. मग संडासला स्वतः जाणं, दात घासणं, रस्ता ओलांडणं, नोटा ओळखणं. आता तो गिरणीतून दळण आणतो, एकटा. नोटा तो रंगावरून ओळखायचा, त्यामुळं २०१६ ला नोटबंदी झाली आणि पुढं २०१८ ला शंभरची नोट जांभळी झाली तेव्हा बिचारा पार गोंधळला, शाळा सुटून वर्षं झालेली, मग आई आणि किराणा दुकानवाले काका यांनी मिळून परत शिकवलं.

एक गोष्ट मला लोकांना नेहमी सांगावीशी वाटते. शाळेत वाढदिवसाला खाऊ वाटायला लोक यायचे, कपडे द्यायचे, चांगलीच माणसं, त्यांच्याबद्दल काही म्हणणं नाही. पण जुलैतल्या पावसात, जेव्हा कोणाचा वाढदिवस नसतो, तेव्हा त्या बाई हजर असायच्या कारण त्यांचा पगार अनुदानातून येत होता. पाच महिने बटण शिकवायला असं बांधलेलं माणूस लागतं, देणगीवर ते होत नाही. आणि देणगीवाल्यासमोर आईला हात जोडून उभं राहायला लागायचं, बाईंसमोर ती आमचं पोर मागं का पडलं म्हणून भांडायची सुद्धा.

आता जिथं बिघडलं तेही सांगते. १८ पूर्ण झाले की शाळा संपली. २०१२. तीन वर्षं बापू घरी. वजन वाढलं, चिडायला लागला, दहा वर्षांत शिकलेलं विसरायला लागला, आईचं शिवणकाम परत बंद. जिल्ह्याच्या ठिकाणी कार्यशाळेत जागा मिळाली तेव्हा कुठं गाडी रुळावर आली, तिथं पणत्या, फाइली, फिनेल असं बनवतात. अठरानंतरच्या मुलांसाठी फार कमी सोय आहे आणि याच्यावर कोणी बोलत नाही, तुम्ही मुलगी लहान आहे तोवरच जवळ काय आहे ते शोधून ठेवा.

पैशाचं. आम्हाला राज्य सरकारची संजय गांधी निराधारची पेन्शन मिळाली नाही, वडिलांच्या पगारामुळं उत्पन्नाच्या अटीत बसलो नाही. पण बापूच्या वर्गातल्या एका मुलाची आई शेतमजूर आहे, तिला मिळते. आधी दीड हजार होते, ऑक्टोबर २०२५ पासून दिव्यांगांना अडीच हजार झालेत. ती म्हणते पहिल्यांदा त्याच्या नावाचा पैसा घरात आला तेव्हा जावा त्याला ताटात वाढायला लागल्या. केंद्राच्या दिव्यांग पेन्शनचं मात्र मला अजिबात पटत नाही, ८० टक्क्यांची अट आणि केंद्राचा हिस्सा ३०० रुपये, २०१२ पासून तेवढाच, मध्यम बौद्धिक अक्षमतेला ७५ टक्के धरतात म्हणजे बापूसारखी मुलं त्यात येतच नाहीत.

निरामय विमा मात्र नक्की काढा. नॅशनल ट्रस्ट या केंद्र सरकारच्या संस्थेचा आहे, वर्षाला एक लाखापर्यंत, पैसे अगदी थोडे भरायचे, वयाची अट नाही, आधीपासूनचा आजार म्हणून नाकारत नाहीत, ॲडमिट व्हायलाच पाहिजे असंही नाही, ओपीडी, औषधं, थेरपी यांचे पैसेही मिळतात. बिलं एका पिशवीत जपून ठेवायची. खाजगी कंपनीकडं आम्ही विचारलं होतं, फॉर्मच दिला नाही.

आणि मुलगी १८ ची झाली की आईवडील आपोआप कायदेशीर पालक राहत नाहीत, हे आम्हाला बँकेत कळलं. १९९९ च्या नॅशनल ट्रस्ट कायद्याखाली कलेक्टरांच्या अध्यक्षतेखाली स्थानिक समिती असते, तिच्याकडं पालकत्वाचा अर्ज करायचा. वडील २०१९ ला गेले. आता कुटुंब निवृत्तिवेतन आईला मिळतं, आईनंतर ते बापूला आयुष्यभर मिळू शकतं, पण त्याला कमावता येत नाही असं डॉक्टरांचं प्रमाणपत्र आणि पालकत्वाचा कागद लागतो. "आपल्यानंतर याचं कोण" हे आई रात्री बोलायची, तो कागद आल्यापासून कमी बोलते.

तुमच्यासाठी लगेच करायचं म्हणजे जिल्हा रुग्णालयातलं डीईआयसी, म्हणजे लहान मुलांवर लवकर उपचार सुरू करायचं केंद्र, गाठा, जन्मतः दोष आणि वाढीतल्या अडचणी यासाठीच ते आहे, फिजिओ, स्पीच तिथं होतं, आणि हृदयाची तपासणी झाली नसेल तर आधी ती करा, डाऊन सिंड्रोममध्ये हे टाळू नका. अंगणवाडीत पाठवत राहा, २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानं ६ ते १८ वर्षं मोफत शिक्षण आहे, जवळची साधी शाळा की विशेष शाळा हे तुम्ही ठरवायचं. दिव्यांगत्वाचा दाखला आणि युडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) आत्ता काढलंत तर पाच वर्षांखाली म्हणून तात्पुरतं मिळेल, मग परत ५ ला, १० ला आणि १८ ला तपासणी, १८ चा कायमचा. वैताग येतो, आम्हाला एका ठिकाणी टेबलावरच्या माणसानं चार वेळा परत पाठवलं होतं, एकदा तर फक्त फोटोचा साइज चुकला म्हणून. तरी जा.

तपासणीच्या दिवशी तिचा डबा, पाणी आणि आवडतं खेळणं सोबत घ्या, नंबर यायला दुपार होते. बापूची पहिली तपासणी उपाशीपोटी झाली, तो नुसता रडत होता आणि त्याला जे येत होतं त्यातलंही काही करून दाखवलं नाही.