वाचकांचे प्रश्न : इंग्रजीच्या छोट्या वर्गाचे ध्येय कसे लिहावे?

प्रश्न : पेडणे तालुक्यात घरातल्या बाहेरच्या खोलीत मी इंग्रजी संभाषणाचा वर्ग चालवते. सध्या चौदा विद्यार्थी येतात. मोपाच्या विमानतळावर नोकरी मिळावी म्हणून धडपडणारे तरुण आहेत, हरमलला पर्यटकांना खोल्या भाड्याने देणाऱ्या दोघी जणी आहेत आणि मराठी शाळेतून चौथी पास होऊन पाचवीला इंग्रजी माध्यमात जाणारी मुलेही आहेत. वर्गाचे पत्रक छापायचे असून त्यात ‘ध्येय आणि मूल्ये’ असावीत, असे सर्वजण सुचवतात. ‘तीस दिवसांत अस्खलित इंग्रजी’ असे लिहावे का? वर्गात मराठी-कोकणी बोलल्यास पाच रुपये दंड ठेवावा का?
— एक शिक्षिका, पेडणे

उत्तर : तीस दिवसांचे आश्वासन कृपया छापू नका. कौन्सिल ऑफ युरोपने २००१ मध्ये भाषाक्षमतेची जी चौकट प्रसिद्ध केली, तिच्यात ए१ पासून सी२ पर्यंत सहा पायऱ्या आहेत. त्यांपैकी दुसरी, म्हणजे ए२ ही पायरी गाठायला साधारण १८० ते २०० तासांचे अध्यापन लागते आणि बी१ पर्यंत पोहोचायला ३५० ते ४०० तास लागतात, असा केंब्रिजच्या परीक्षा घेणाऱ्या संस्थेचा अंदाज आहे. रोज एक तास याप्रमाणे महिन्याचे तीसच तास होतात. एवढ्या वेळात अस्खलितपणा येत नाही, आणि तो आला नाही की विद्यार्थी पत्रकाला दोष देत नाही. ‘मलाच जमत नाही’ असे मनाशी धरून घरी बसतो. हे नुकसान शुल्क परत करून भरून निघत नाही.

त्या चौकटीतली मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट म्हणजे, तिथे प्रत्येक पायरीचे वर्णन शिकणाऱ्याला काय करता येते या भाषेत केलेले आहे. आपले ध्येयही तसेच लिहा. हरमलच्या ताईंचे उदाहरण घेऊ. सकाळी पाहुणा दार वाजवून गरम पाणी येत नसल्याचे सांगतो. ताईंना ‘गीझर’, ‘वॉटर’, ‘प्रॉब्लेम’ हे सगळे शब्द ठाऊक असतात, तरी तोंडातून ‘वॉटर नॉट कमिंग, यू वेट’ एवढेच निघते आणि पाहुण्याला ते तुटक वाटते. त्यांच्यासाठी तीन महिन्यांचे ध्येय असे असू शकते : पाहुण्याची तक्रार समजून घेणे, दिलगिरी व्यक्त करणे आणि ‘आय विल सेंड समवन इन टेन मिनिट्स’ असे वेळेसह सांगणे. मुलाखतीला जाणाऱ्या तरुणाने स्वतःविषयी दोन मिनिटे न अडखळता बोलावे आणि न समजलेला प्रश्न पुन्हा विचारण्याची विनंती संकोच न बाळगता करावी. पाचवीच्या मुलांची गरज मात्र अगदी निराळी आहे. त्यांना विज्ञान आणि गणिताचे पुस्तक वाचून समजावे लागते, म्हणून त्यांची वेळ मोठ्यांपासून वेगळी ठेवा. एकाच खोलीत एकाच वेळी दोघांनाही न्याय देता येणार नाही.

दंडाच्या प्रश्नाचे उत्तर स्पष्ट नकारार्थी आहे. वर्गात इंग्रजीचा सराव भरपूर व्हावा, याबद्दल दुमत नाही. पण ज्या भाषेत मूल घरी आईशी बोलते, त्या भाषेचे पैसे मोजायला लावणे मला अन्यायाचे वाटते. शिवाय इथे मराठी आपल्या उपयोगाची आहे. आपले विद्यार्थी ‘आय हॅड गॉन टु म्हापसा येस्टरडे’ असे वारंवार म्हणत असतील. ही चूक आळसातून येत नाही, तर ‘मी काल म्हापशाला गेलो होतो’ या अगदी शुद्ध मराठी वाक्यातून येते. आपल्या ‘होतो’ला इंग्रजीत दर वेळी ‘हॅड’ लागत नाही, एवढे फळ्यावर दोन्ही वाक्ये शेजारी लिहून मराठीतच सांगा. जी गोष्ट इंग्रजीत समजावताना अर्धा तास जाईल, ती दोन मिनिटांत उलगडते. ‘आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स’चेही असेच करता येईल.

मूल्यांविषयी लिहिताना ‘गुणवत्ता’, ‘उत्कृष्टता’ असले शब्द टाळावेत. मूल्य दिसते ते विद्यार्थी चुकल्याच्या क्षणी. पुष्कळ वर्षांपूर्वी माझ्या वर्गात एक परिचारिका रात्रपाळीचा अनुभव सांगत होत्या आणि मी पहिल्या तीन वाक्यांत त्यांना चार वेळा थांबवून क्रियापदे दुरुस्त केली. त्या गप्प झाल्या आणि त्या दिवशी पुन्हा बोलल्या नाहीत. त्याची खंत मला अजून आहे. तेव्हापासून मी बोलणे पूर्ण होऊ देतो, चुका वहीत टिपतो आणि शेवटी त्यांतल्या दोनच, कोणाचेही नाव न घेता, फळ्यावर घेतो. केवळ व्याकरणाच्या सरावाच्या वेळी मात्र लगेच दुरुस्ती करावी. आपला असा काही ठरलेला रिवाज असेल, तर तोच पत्रकात लिहा, आणि मदतनीस शिक्षिका ठेवल्यास तिलाही तो पहिल्याच दिवशी सांगा.

प्रगती दाखवण्यासाठी परवानगी घेऊन पहिल्या दिवशी प्रत्येकाचे तीन मिनिटांचे बोलणे मोबाईलवर ध्वनिमुद्रित करावे आणि तीन महिन्यांनी त्याच विषयावर पुन्हा बोलायला सांगून दोन्ही त्याला एकट्याला ऐकवावे. लहान मुलांच्या बाबतीत पालकांची संमती घ्यावी.

पत्रकाचा मजकूर एवढा पुरे : ‘वर्गात जास्तीत जास्त १४ विद्यार्थी. तीन महिन्यांत आपल्या कामापुरते कोणते संभाषण जमेल, हे प्रवेशाच्या वेळी आपल्याशी बोलून लिहून देऊ. अडले तर मराठी-कोकणीत विचारावे. बोलताना मध्येच थांबवले जाणार नाही.’ पहिल्या दोन आठवड्यांत कोणी वर्ग सोडला, तर उरलेले शुल्क परत मिळेल की नाही, हेही त्याखाली ठळक छापा.