आजींना शाळा नको, गोष्ट द्या

२०२० च्या कोरोनाकाळातलं, न्यू जर्सीहून आलेलं एका ताईंचं पत्र आहे. मुलगा दुसरीत, शाळा लॅपटॉपवर, दोघांचंही ऑफिस घरून. नवऱ्याच्या मीटिंगा बेडरूममध्ये, दार लावून. ताई जेवणाच्या टेबलावर, मुलाशेजारी. दादरला सासूबाई रोज विचारतात, "मी काही करू का गं?" ताईंचा प्रश्न: इतक्या लांबून त्या काय करणार?

ताई, बरंच करतील. पण आधी त्या दाराचं बघू. दाराची खोली एकच असेल तर ती पाळीने वापरायची, सकाळी ते, दुपारी तुम्ही. विनंतीबिनंती नको, दोघांच्या कॅलेंडरवर टाकून मोकळ्या व्हा. मुलाचा लॅपटॉप ज्याची पाळी बाहेर, त्याच्याशेजारी.

आणि शेजारी म्हणजे खांद्याला खांदा लावून नव्हे. हे मी करपलेल्या डाळीवरून सांगतेय. २०२० च्या मार्चमध्ये इथल्या शाळा बंद झाल्या, जूनपासून लेकीचे ऑनलाइन तास सुरू झाले आणि मी प्रत्येक तासाला तिला चिकटून. एके दिवशी माझा कॉल लांबला, कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या राहिल्या. धावत येऊन बघते तर वर्गातल्या सगळ्या चेहऱ्यांमध्ये आमच्या चौकटीत फक्त पंखा गरगरतोय आणि कन्यारत्न टेबलाखाली गाढ झोपलेलं. टीचरना पत्ताही नव्हता. त्या दिवसापासून मी शेजारी बसणं सोडलं. तिचं काही अडलं नाही.

आपल्या केंद्र सरकारने जुलै २०२० मध्ये काढलेल्या 'प्रज्ञाता' सूचनांत पहिली ते आठवीला दिवसाला दोनच ऑनलाइन तास सांगितले होते, ३० ते ४५ मिनिटांचे. तुमच्याकडचे नियम वेगळे असतील, पण सात वर्षांच्या पोराचा स्क्रीनपुढे बसण्याचा दम तेवढाच. उरलेल्या वेळात त्याचं लक्ष उडालं तर घाबरून जाऊ नका.

आता सासूबाई. त्यांना गृहपाठ तपासायला देऊ नका. चार दिवसांत "याचं लक्षच नसतं हो" अशी तक्रार येईल आणि ऑफिसातला एक साहेब कमी होता म्हणून दादरला दुसरा तयार होईल. त्यांना वाचायला द्या. बालभारतीची पुस्तकं त्यांच्या साइटवर पीडीएफमध्ये फुकट मिळतात. दुसरीचं मराठीचं पुस्तक दोन्हीकडे उघडायचं, एक ओळ आजीची, एक नातवाची. ती वीस मिनिटं तुमची. तेवढ्यात भांडी घासायला उठू नका.

वेळ मात्र नीट ठरवा. उन्हाळी वेळ चालू असताना तुमचे सकाळचे आठ म्हणजे दादरला संध्याकाळचे साडेपाच, चहा झालेला असतो, छान. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तुमची घड्याळं तासाने मागे गेली की तेच आठ इथे साडेसहाला पडतील, म्हणजे दिवेलागण, आणि पाठोपाठ मालिका. आजींना आधीच विचारून ठेवा, त्या भिडेपोटी बोलायच्या नाहीत. दुपारी एकला त्यांना फोन लावायचा मोह होईल, पण तेव्हा इथे रात्रीचे साडेदहा-साडेअकरा वाजलेले असतात. ती वेळ बाबांची.

पहिले काही दिवस पोरगं कॅमेऱ्यापुढून पळेल. पळू दे. आजींना म्हणावं, हाका मारत बसू नका, फोन तांब्याला टेकवून ठेवा आणि समोर गवार मोडत बसा. ताटात काय चाललंय ते बघायला येतो परत.