थॉमस पेन: तत्त्वज्ञ की पत्रकबाज, आणि फुल्यांपर्यंत काय पोचलं?

तुमचे प्रश्न दोन आहेत. अठराव्या शतकातला इंग्रज लेखक थॉमस पेन याला तत्त्वज्ञ म्हणावं की नुसता पत्रकबाज, म्हणजे राजकीय पत्रकं काढणारा, हा एक. आणि जोतीराव फुल्यांवर त्याचा प्रभाव होता असं जो तो म्हणतो, पण तो नेमका दिसतो कुठे, हा दुसरा.

पहिल्यासाठी त्याची नोकरी बघा. पेन १७३७ साली इंग्लंडमधल्या थेटफर्डला जन्मला. वडील बायकांच्या कॉर्सेट शिवायचे. पोरगा तेच शिकला, पण रमला नाही आणि अबकारी खात्यात लागला. तिथून दोनदा बडतर्फ झाला. मधल्या काळात, १७७२ मध्ये, त्याने खात्यातल्या लोकांच्या पगारवाढीसाठी एक कैफियत लिहिली. पगार वर्षाला ५० पौंड. त्यातून कर, घोड्याचा खर्च वगैरे वजा केलं की हातात दिवसाला एक शिलिंग नऊ पेन्स आणि वर एक फार्दिंग (पाव पेनी) उरतो. एवढ्यात संसार करणारा माणूस लाच नाही खाणार तर काय करणार? हा पेनचा पहिला मोठा मजकूर, आणि पुढचा सगळा पेन त्यात आहे. तत्त्व सांगायचं तर ते हिशेबासकट.

१७७४ च्या अखेरीस तो बेंजामिन फ्रँकलिनची शिफारस घेऊन फिलाडेल्फियाला उतरला आणि जानेवारी १७७६ मध्ये निनावी ‘कॉमन सेन्स’ काढलं. त्याच्या खपाचे लाखालाखांचे आकडे फिरतात, ते मुळात पेननेच सांगितलेले आहेत, तेव्हा जरा जपून. पण तोवर इंग्लंडच्या राजाकडे गाऱ्हाणी मांडणाऱ्या अमेरिकेतल्या वसाहतींना ‘राजा हवाच कशाला’ असं उघड विचारणारं हे पत्रक होतं, यात वाद नाही.

खरा ऐवज मात्र ‘राइट्स ऑफ मॅन’मध्ये आहे. फ्रेंच क्रांतीवर ब्रिटिश राजकारणी एडमंड बर्कने झोड उठवली, त्याला हे उत्तर. पहिला भाग १७९१, दुसरा १७९२. दुसऱ्या भागाच्या शेवटच्या प्रकरणात पेन ब्रिटनचा जमाखर्चच उघडून बसतो. साधारण १ कोटी ७० लाख पौंड करातून येतात, त्यातले ९० लाख कर्जाच्या व्याजात जातात, उरलेल्यात दरबार आणि लष्कर. हा खर्च छाटा, म्हणतो, आणि गरिबाच्या चौदा वर्षांखालच्या प्रत्येक मुलामागे वर्षाला ४ पौंड द्या, पन्नाशीनंतर ६, साठीनंतर १०. वर बजावतो की म्हाताऱ्यांना मिळणारं हे दान नाही, हक्क आहे. हे १७९२ मध्ये! माझ्या मते एवढ्यावर तो तत्त्वज्ञ ठरतो. लॉक-रूसो या राजकीय तत्त्वज्ञांसारखी विचारांची इमारत त्याने बांधली नाही, हे खरंच.

सरकारने राजद्रोहाचा खटला भरला, हा फ्रान्सला गेला. फ्रेंच येत नसताना तिथल्या कन्व्हेन्शनवर, म्हणजे क्रांतीनंतरच्या लोकप्रतिनिधींच्या सभेवर, निवडून आला आणि पदच्युत राजा सोळाव्या लुईला मारू नका, अमेरिकेला धाडा, असं सांगून बसला. डिसेंबर १७९३ मध्ये तुरुंगात. तो स्वतः सांगतो की गिलोटिनला न्यायच्यांच्या कोठडीवर खडूने खूण करत. याचं दार बाहेर भिंतीला टेकून उघडं होतं, त्यामुळे खूण आतल्या बाजूला पडली आणि दार लागल्यावर दिसली नाही. ‘एज ऑफ रीझन’ याच काळातलं: निर्माता मानायचा, पण धर्मग्रंथ आणि पुरोहित नाकारायचे. अमेरिकेने त्याला हे पुस्तक कधी माफ केलं नाही. १८०९ मध्ये न्यूयॉर्कला वारला तेव्हा मातीला जेमतेम पाच-सहा माणसं होती.

आता फुले. १८४७ च्या सुमारास त्यांनी मित्रांबरोबर ‘राइट्स ऑफ मॅन’ वाचलं, एवढं सगळे लिहितात आणि थांबतात. मला तीन जागा दिसतात. वंशपरंपरागत कायदेकर्ता म्हणजे वंशपरंपरागत गणितज्ञ, अशी पेन टर उडवतो. इंग्लंडच्या सरदारांवरचा हा वार जन्माने मोठं ठरवणाऱ्या जातीला अधिकच झोंबतो. दुसरी जागा ‘निर्मीक’, हा फुल्यांचा ईश्वरासाठीचा शब्द. मध्ये दलाल नसलेला हा निर्माता ‘एज ऑफ रीझन’च्या फार जवळचा. तिसरी ‘शेतकऱ्याचा असूड’: पट्टी, लोकल फंड, सरकारी नोकरांचे पगार-पेन्शन, आणि हे सगळं भरतो कोण, ही विचारण्याची रीत थेट त्या अबकारी कारकुनाची वाटते.

ही माझी सांगड आहे. फुल्यांनी तसं लिहून ठेवलेलं नाही. आणि उसनवारी तर मुळीच नाही. जात हा पेनचा विषय नव्हता, मुलींच्या शाळेचा तर त्याने कार्यक्रमही दिला नव्हता. ते १८४८ मध्ये पुण्यात जोतीराव-सावित्रीबाईंनीच केलं. ‘गुलामगिरी’ त्यांनी अमेरिकेतल्या गुलामीविरुद्ध लढलेल्या लोकांना अर्पण केली, त्यामागे मात्र हेच तरुणपणचं वाचन असणार.

वाचायला घेणार असाल तर बर्कशी भांडण असलेला पहिला भाग सोडा, दुसऱ्याच्या पाचव्या प्रकरणापासून सुरू करा. पाठोपाठ ‘असूड’ घ्या.