सासूबाईंची गुडघ्याची गोळी

प्रश्न : मला सातवा महिना आहे. कंबर फार दुखली म्हणून सासूबाईंची डायक्लोफिनॅकची गोळी दोन दिवस घेतली. बाळाला धोका आहे का?

उत्तर : घाबरू नका, दोन दिवसांत सहसा काही बिघडत नाही. पण गोळी आजच थांबवा आणि तुमच्या डॉक्टरांना सांगा. हवं तर डॉक्टर सोनोग्राफीत बाळाभोवतीचं पाणी, म्हणजे गर्भजल, बघतील. २० आठवड्यांनंतर गर्भजल म्हणजे मुख्यतः बाळाची लघवी. डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन या वेदनाशामक गोळ्यांनी बाळाच्या मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा घटतो, लघवी कमी, मग पाणीही कमी. गोळी बंद केली की बहुधा भरून येतं. क्वचित जन्मानंतरही मूत्रपिंडाचा त्रास राहतो. पॅरासिटामॉल चालेल, तीही विचारून. डॉक्टरांनी कमी मात्रेची ॲस्पिरिन दिली असेल तर ती मात्र मनाने सोडू नका. आणि सासूबाई ही गोळी रोज घेतात का? मग त्यांचंही क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची रक्ततपासणी) तपासा.