शनीची कडी रेघेसारखी दिसतायत? टेलिस्कोप परत करू नका

ताई, तुम्ही लिहिलंय की कोपरखैरण्याला गच्चीवरून लेकाला नव्या सहा इंची टेलिस्कोपमधून शनी दाखवला, तर कड्यांच्या जागी नुसती आरपार सुई घातल्यासारखी रेघ, मग दुकानदाराने फसवलं का. अजिबात नाही. मी घोडबंदरला आमच्या सोसायटीच्या गच्चीवरून गेली कित्येक वर्षं शनी बघतोय, मलाही २०२५ मध्ये तेच दिसलं.

झालंय असं की शनी जवळजवळ २७ अंश कललेला आहे आणि सूर्याभोवती एक फेरी मारायला त्याला साडेएकोणतीस वर्षं लागतात (एका राशीत अडीच वर्षं, तीन राशींची साडेसाती, हा हिशोब त्यातलाच), त्यामुळे दर १४-१५ वर्षांनी कडी आपल्याला बरोबर धारेवरून दिसतात. मार्च २०२५ मध्ये तसं झालं, नोव्हेंबरमध्येही जवळपास तसंच. पापड डोळ्यासमोर आडवा धरून बघायला सांगा लेकाला, लगेच कळेल. कड्यांचा मुख्य पसारा पावणेतीन लाख किलोमीटर आणि जाडी बहुतेक ठिकाणी दहा-वीस मीटर, म्हणजे चार-पाच मजली बिल्डिंगएवढी! सगळे बर्फाचे तुकडे, काही धुळीएवढे काही घराएवढे. गॅलिलिओलाही १६१२ साली शनीच्या बाजूचे ‘कान’ (म्हणजे ही कडीच) गायब झालेले बघून काही सुधरेना, तिथे कडं आहे हे डच खगोलशास्त्रज्ञ हायगेन्सने १६५९ मध्ये छापून सांगितलं.

शनीला चंद्र किती विचारलंत, तर २०२५ मध्ये एकदम १२८ नवे धरले गेले आणि आकडा २७४ वर गेला, पण त्यातले बहुतेक काही किलोमीटरचे दगड, पाठ करायला लावू नका. शनीचा सगळ्यात मोठा चंद्र टायटन मात्र दाखवाच. बुध ग्रहापेक्षा मोठा, आपल्यापेक्षा दाट हवा, मिथेनचे तलाव, आणि २००५ च्या जानेवारीत त्याच हायगेन्सच्या नावाचं यान तिथे खरंच उतरलंय. दुसरा एन्सेलाडस, जेमतेम ५०० किलोमीटरचा, पण त्याच्या दक्षिण ध्रुवावरच्या भेगांतून पाण्याची वाफ आणि बर्फ उडतो, कॅसिनी यान त्या फवाऱ्यातून गेलं होतं. तुमच्या टेलिस्कोपमधून हे फवारे नाही दिसणार, टायटन मात्र ठिपक्यासारखा छान दिसतो, उलट कडी अशी धारेवरून दिसतात तेव्हा त्यांचा उजेड कमी म्हणून बारीक चंद्रही शोधायला सोपे.

टेलिस्कोप अर्धा तास आधी गच्चीवर नेऊन ठेवा, आणि एसीच्या आउटडोअर युनिटवरून येणारी गरम हवा मध्ये नको, चित्र थरथरतं. मग रोज वहीत शनीचा गोळा काढून टायटनचा ठिपका कुठे आहे ते लेकालाच मांडू द्या, सोळा दिवसांत तो फेरी पूर्ण करून परत पहिल्या जागी येतो.