डोक्याला मार लागल्यापासून छातीत धडधड, कुठली गोळी सोडू आणि कुठली ठेवू?

प्रश्न: डॉक्टर मॅडम, मी देवगड तालुक्यातली, वय ३८, अंगणवाडीत काम करते. आषाढात पाखाडी, म्हणजे चिऱ्यांच्या पायऱ्यांची वाट, उतरताना शेवाळावरून पाय सरकला आणि डोकं मागच्या मागे चिऱ्यावर आपटलं, अर्धा मिनिट काही समजलंच नाही. कणकवलीला नेलं, सीटी स्कॅन नॉर्मल आला, दुसऱ्या दिवशी घरी सोडलं. आता सात आठवडे होऊन गेले, तरी छातीत धडधड होते, पाखाडी नुसती बघितली तरी हातपाय थरथरतात, पोरांचा गलका सहन होत नाही, बिछान्यात कूस बदलली की घर गरगरतं. मानसोपचारवाल्या डॉक्टरांनी सकाळी एस्सिटॅलोप्रॅम ५ आणि रात्री क्लोनाझेपॅम ०.२५ दिली, दुसरी फक्त १० दिवस घ्या म्हणाले. पहिलीने मळमळ आणि धडधड आणखीच वाढली म्हणून पाचव्या दिवशी सोडली. दुसरीने झोप छान लागते म्हणून चालूच ठेवलीय, महिना झाला. डोकं दुखतं म्हणून रोज पेनकिलर पण घेते. सासूबाई म्हणतात, "गोळयेची सवय लागतली तुका, आधी देवाक गाऱ्हाणा घाल." चतुर्थीला मुंबईची २० माणसं येणार. काय करू?

उत्तर: ताई, सासूबाईंची सवयीची भीती खोटी नाही, फक्त ती चुकीच्या गोळीला चिकटलीय. तुमच्या हातून नेमकं उलटं झालं, जी चालू ठेवायची होती ती सोडली आणि जी थोडे दिवसांची होती ती महिनाभर घेतली. यात तुमचा दोष नाही, माझ्या ओपीडीत दर आठवड्याला हेच दिसतं, कारण एक गोळी पहिल्याच रात्री आराम देते आणि दुसरी आधी त्रास देते, मग माणूस कुठली धरणार!

एस्सिटॅलोप्रॅम ही भीती-चिंता कमी करणारी, पण हळू चालणारी गोळी. तिचा गुण दिसायला २ ते ६ आठवडे जातात, आणि मळमळ, अस्वस्थपणा, उलट थोडी जास्तच धडधड हे सगळं पहिल्या आठवड्या-दोन आठवड्यांत होऊन बहुतेकांचं आपोआप निवळतं. पाचव्या दिवशी तुम्ही नेमक्या अवघड वळणावर होतात. डोक्याला मार लागलेल्या माणसाला औषधाचे त्रास लवकर जाणवतात, म्हणून आम्ही मुद्दाम कमी डोसने सुरू करतो आणि सावकाश वाढवतो. डॉक्टरांना फोन करून खरं काय झालं ते सांगा, ते पुन्हा सुरू करा म्हणतील किंवा दुसरी देतील. घेताना पोट भरून, नाश्ता झाल्यावर घ्या. हिची क्लोनाझेपॅमसारखी तलफ लागत नाही, पण बरं वाटलं म्हणून अचानक तोडायचीही नाही, चक्कर आणि झिणझिण्या येतात, साधारण सहा महिने ते वर्षभर घेऊन मग डॉक्टर हळूहळू उतरवतात.

क्लोनाझेपॅमबद्दल मात्र मला काळजी वाटते. शरीराला तिची सवय होते, शिवाय ती डोकं जड करते, लक्षात राहणं कमी होतं आणि तोल जातो. मार लागल्यानंतर आधीच मेंदू मंद चाललाय, त्यात पुन्हा पाखाडीवर तोल जाऊन पडलात तर? पण म्हणून आज रात्रीपासून एकदम बंद करू नका! महिनाभर घेतलेली अशी गोळी झटक्यात बंद केली तर धडधड, निद्रानाश दुप्पट होऊन येतो, क्वचित फिटही येते. डॉक्टरांकडून थोडी थोडी कमी करून घ्या. तोवर दारूचा थेंब नको आणि शेजारणीने दिलेली झोपेची गोळी तर नकोच नको.

रोजची पेनकिलर पण थांबवायला हवी. महिन्यातून १०-१५ दिवसांपेक्षा जास्त घेतली की त्या गोळीनेच डोकेदुखी मागे लागते. शिवाय आयबुप्रोफेनसारखी असेल तर एस्सिटॅलोप्रॅमबरोबर पोटात रक्तस्राव व्हायचा धोका वाढतो, म्हणून कुठली घेता ते नावासकट सांगा.

कूस बदलल्यावर घर गरगरतं म्हणालात ना, ते मला टेन्शनचं वाटत नाही. आपटल्यावर कानातले बारीक कण जागचे हलतात आणि मान फिरवली की भोवळ येते, याला गोळी लागत नाही, कान-नाक-घशाचे डॉक्टर डोकं ठरावीक पद्धतीने फिरवून ते कण जागेवर आणतात, बऱ्याचदा एकदोन बैठकीत बरं वाटतं. मी असते तर आधी हेच दाखवलं असतं. घर फिरायचं थांबलं की निम्मी भीती तिथेच जाते.

आणि सीटी नॉर्मल आला म्हणजे काही झालंच नाही असं नाही. सीटीत रक्त दिसतं, हाडं दिसतात, हादरलेल्या मेंदूचं काम कसं चाललंय ते नाही दिसत. बहुतेक माणसं काही आठवड्यांत बरी होतात, काहींना महिने लागतात, यात मन कमकुवत असल्याचा काही संबंध नाही. पण डोकेदुखी रोज वाढत चालली, वारंवार ओकाऱ्या झाल्या, बोलणं अडखळलं, एक बाजू लुळी वाटली, फिट आली किंवा खूप गुंगी आली तर वाट न बघता दवाखाना गाठा, काही वेळा रक्ताची गाठ आठवड्यांनी उशिरा जमते. जीव नको वाटायला लागला तर तेव्हाही तसंच, १४४१६ हा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर दिवसरात्र फुकट चालतो.

गाऱ्हाणं घाला, सासूबाईंना बरं वाटेल आणि तुम्हालाही. पण पाखाडीची भीती जायला पाखाडीवरच जावं लागेल. उन्हाच्या दिवशी आधी घरच्यांकडून शेवाळ खरवडून घ्या, ब्लिचिंग पावडर टाका, मग कुणाचा तरी हात धरून दोन पायऱ्या, चार दिवसांनी पाच. धडधडलं तरी लगेच पळू नका, तिथेच थांबा, ती ओसरते. चतुर्थीला आरतीला दारापाशी उभं राहा, टाळ-झांजांपासून लांब, आणि २० माणसांचे मोदक एकटीने वळायचे नाहीत, मुंबईवाल्यांना हात आहेत. दुपारची अर्धा तास झोप कुणी काही म्हणो सोडू नका.

पुढच्या खेपेला जाताना सगळ्या स्ट्रिप्स पिशवीत घाला, कागदावर लिहा कुठली कधीपासून घेता, कुठली कधी सोडली, आणि घरातल्या कुणाला तरी बरोबर न्या, घाबरलं की तिथे निम्मं सांगायचं राहून जातं.