धरणफुटीचा नकाशा मागितला, उत्तर आलं ‘सुरक्षा’

प्रश्न : आमचं गाव मोठ्या धरणाच्या खाली, नदीकाठाला आहे. धरणाला काही झालं तर पाणी कुठवर आणि किती वेळात येईल, हे कळावं म्हणून मी माहितीच्या अधिकारात धरणाचा आपत्कालीन कृती आराखडा मागितला. बारा दिवसांपूर्वी एका ओळीचं उत्तर आलं : ‘दहशतवादी धोक्यामुळे माहिती देता येत नाही.’ आता काय करू? मी देशाच्या सुरक्षेच्या आड येतेय का?
– एक वाचिका, सातारा जिल्हा

उत्तर : ताई, तुमचा शेवटचा प्रश्न वाचून फार वाईट वाटलं. पाणी आपल्या उंबऱ्याशी कधी येईल, एवढंच तुम्ही विचारलंत. त्यात अपराधी वाटण्यासारखं काहीही नाही.

मी पाटबंधारे खात्यात ३१ वर्षं काढली, शेवटी जन माहिती अधिकारीही होतो. अशाच एका अर्जावर ‘सुरक्षेचे कारण’ लिहून मी सही केली होती. फाइल उघडूनही पाहिली नव्हती. ते चुकलं.

भीती खोटी नाही. धरणाच्या पोटातल्या गॅलरीचे, म्हणजे आतल्या बोगद्यांचे, नकाशे, वक्र दरवाजे चालवणारी यंत्रणा, पहाऱ्याच्या पाळ्या हे बाहेर जाता कामा नये; कुणी मागितलं तर मी आजही नाहीच म्हणेन. पण पाणी कुठल्या वस्तीत कधी पोचेल, भोंगा कुठे वाजेल, कोणत्या वाटेनं वर चढायचं, यातून धरण कसं फोडायचं ते कुणाला कळत नाही. ‘किती माणसं बुडतील हे शत्रूला आयतं कळेल,’ असं आमचे साहेब म्हणायचे. त्यात थोडं तथ्य आहे. पण नदीचा उतार कुठल्याही नकाशात दिसतो, आणि गाव वेळेत वर चढलं तर बुडणारी माणसं वाचतात.

१२ जुलै १९६१ ला मी सहा वर्षांचा होतो, पुण्यात, नदीजवळच्या पेठेत. आदल्या रात्री पानशेतवर जवान वाळूची पोती रचत होते, हे आम्हाला नंतर समजलं. सकाळी धरण फुटलं, मागोमाग खडकवासलाही गेलं. आई आम्हा भावंडांना घेऊन गल्लीच्या तोंडाशी आली आणि डावीकडे वळावं की उजवीकडे, तिला कळेना. एका अनोळखी माणसानं तिचा हात धरून आम्हाला चढाकडे ओढलं. चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण २०१९ च्या जुलैत रात्री फुटलं. गळतीची तक्रार गावकऱ्यांनी आधीच केली होती. दोन्हीकडे दहशतवादी नव्हते.

आता अपिलाचं. धरण सुरक्षा अधिनियम, २०२१ नुसार मोठ्या धरणाच्या मालकाला आपत्कालीन आराखडा करावाच लागतो, आणि कोणता भाग बाधित होईल, इशारा कसा द्यायचा हे त्यात यावं लागतं. माहिती अधिकाराच्या कलम ८ मध्ये सुरक्षेचा अपवाद आहे, हे खरं. पण नुसतं ‘दहशतवाद’ लिहून भागत नाही : कलम ७(८) नुसार नकाराची कारणं द्यावी लागतात, आणि नकार योग्य होता हे अपिलात अधिकाऱ्यानंच सिद्ध करायचं असतं. तुमच्यासाठी सगळ्यात कामाचं कलम १० : गुप्त ठेवायचा भाग वगळून उरलेला भाग देता येतो. त्याला जोडून ८(२) लिहा, हानीपेक्षा जनहित मोठं असेल तर माहिती देता येते.

म्हणून अख्खा आराखडा मागू नका. धरण फुटल्यास तुमच्या गावात पाणी कुठवर येईल त्याचा नकाशा, पाणी पोचायचा वेळ, इशाऱ्याची पद्धत आणि सुरक्षित जागा, एवढंच मागा. निळी आणि लाल पूररेषा दाखवून वाटेला लावतील, तर थांबू नका; त्या रेषा नदीला येणाऱ्या पुराच्या, धरणफुटीच्या नव्हेत.

प्रथम अपिलाची मुदत ३० दिवस, म्हणजे तुमच्या हातात अठरा उरलेत. नकाराच्या पत्राची झेरॉक्स जोडा आणि पोच घेतल्याशिवाय कार्यालयातून निघू नका.